प्रतिध्वनीचा उशीर : वटवाघळाच्या मेंदूतल्या वेळेच्या पेशी (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा आवाका आज ठरला. वटवाघूळ हाक मारतं आणि प्रतिध्वनी किती उशिराने परततो त्यावरून किड्याचं अंतर ओळखतं. त्याचा अख्खा मेंदू करायचा नाही. हाक आणि तिचा प्रतिध्वनी यांच्यामधला वेळ चेतापेशींचं जाळं कसं ओळखतं, एवढंच पायथनमध्ये चालवून बघायचं. सरांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली: प्रोग्रॅममध्ये ‘प्रतिध्वनीची वेळ वजा हाकेची वेळ’ असं गणित कुठेही नसावं. उत्तर मिळायचं ते फक्त कोणती पेशी फायर झाली, म्हणजे तिने विजेचा ठोका दिला, यावरून. अट मला पूर्ण पटली. वजाबाकी करणारा प्रोग्रॅम दहा ओळींत लिहून होईल आणि त्यातून मेंदूबद्दल काहीच कळणार नाही.

सर म्हणजे अकरावी-बारावीला मला जीवशास्त्र शिकवणारे सर, आता निवृत्त. सिग्नल प्रोसेसिंग माझं, शरीरशास्त्र त्यांचं.

आकडे एकदाच लिहून ठेवतो, पुढे सारखे लागणार आहेत. २५ अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. जाऊन परत यायचं असतं, म्हणून एक मिलिसेकंद उशीर म्हणजे साधारण १७ सेंटीमीटर अंतर. किडा एक मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ५.८ मिलिसेकंदांनी परततो. आता दुसरी बाजू: चेतापेशीची एक स्पाइक, म्हणजे तो विजेचा ठोका, स्वतःच मिलिसेकंदभर टिकते. तेवढ्या वेळात अंतर १७ सेंटीमीटरांनी बदलतं, आणि पकडायचा किडा असतो काही मिलिमीटरचा. इतक्या संथ पेशींनी इतकं बारीक काम होतं कसं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

१५ जानेवारी

कुठल्या वटवाघळाचा मेंदू घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली. सरांना आपल्याकडची जात हवी होती. त्यांचा मुद्दा रास्त आहे. १९८० च्या दशकात मदुराईच्या परिसरात गेरहार्ड नॉयवायलर या जर्मन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर वटवाघळांच्या शिकारीवर आणि श्रवणावर फार सुंदर काम केलं. दक्षिण भारतातल्या वटवाघळांच्या श्रवण-आलेखांवरचा त्यांचा १९८४ चा निबंध सरांच्या कपाटात आहे. पण त्या कामाचा भर कोण काय ऐकतो आणि कुठे शिकार करतो यावर आहे. पेशींच्या पातळीवर वेळेचा नकाशा हवा असेल तर टेरोनोटस पार्नेली या जातीला पर्याय नाही. हे मिशांचं वटवाघूळ, जुन्या वर्गीकरणानुसार, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर आढळतं. त्याच्या श्रवण-कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ऐकण्याच्या भागाचा, अभ्यास सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नोबुओ सुगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं चिकाटीने केला.

सरांना मी १९७८ पासूनची साखळी सांगितली. त्या वर्षी फेंग, सिमन्स आणि किक यांना मोठ्या तपकिरी वटवाघळाच्या (ही अमेरिकेतली एक जात) मध्यमेंदूत ठरावीक उशिराला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. त्याच वर्षी सुगा, ओ’नील आणि मानाबे यांनी टेरोनोटसच्या कॉर्टेक्समध्ये अशा पेशी दाखवल्या की ज्यांना नुसती हाक ऐकवली तर त्या जवळजवळ गप्प, नुसता प्रतिध्वनी ऐकवला तरी गप्प, आणि दोन्ही आवाज ठरावीक अंतराने ऐकवले की जोरात फायर होतात. १९७९ मध्ये ओ’नील आणि सुगा यांनी दाखवलं की या पेशी क्रमाने मांडलेल्या आहेत: कॉर्टेक्सच्या त्या पट्ट्यात पुढच्या बाजूला कमी उशिराच्या, मागे जावं तशा जास्त उशिराच्या. साधारण ०.४ मिलिसेकंदापासून १८ मिलिसेकंदांपर्यंत. आमच्या हिशेबात ७ सेंटीमीटर ते ३.१ मीटर.

यातलं मोठेपण कशात आहे ते लिहून ठेवतो. डोळ्याच्या पडद्यावर जागेचा नकाशा आधीच असतो, मेंदूने तो पुढे न्यायचा. कानाच्या शंखिकेत स्वरांच्या उंचीचा नकाशा असतो, तोही पुढे न्यायचा. ‘अंतर’ मात्र कुठल्याच इंद्रियाच्या पृष्ठभागावर नसतं. हा नकाशा मेंदूने शून्यातून, निव्वळ हिशेबाने तयार केलेला आहे.

२० जानेवारी

सरांचा फोन. “अरे, गुहेत एवढी वटवाघळं एकदम ओरडत असतात. ही पेशी पहिला आवाज स्वतःच्या हाकेचाच आहे हे ओळखते कशी? शेजाऱ्याची हाक ऐकून तिने मोजायला सुरुवात केली तर?”

सरांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. उत्तर ओ’नील आणि सुगा यांच्या कामात आहे आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं.

टेरोनोटसच्या हाकेत चार हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले स्वर, असतात: साधारण ३०, ६१, ९२ आणि १२३ किलोहर्ट्झ. प्रत्येकात आधी लांब, एकाच उंचीचा स्वर आणि शेवटी झपकन खाली घसरणारा छोटा तुकडा. वेळेसाठी हा घसरणारा तुकडा कामाचा, कारण प्रत्येक उंचीवर तो क्षणभरच असतो. पहिलं हार्मोनिक अतिशय क्षीण असतं. तोंडा-नाकातून बाहेर पडणाऱ्या हाकेतला त्याचा वाटा नगण्य. शेजाऱ्याच्या कानापर्यंत ते पोचत नाही, प्रतिध्वनीत तर नाहीच. स्वतः ओरडणाऱ्याला मात्र ते घशापासून कानापर्यंत शरीरातूनच ऐकू येतं. आणि उशिराच्या पेशी नेमकं काय मागतात? हाकेचं पहिलं हार्मोनिक, आणि त्यानंतर प्रतिध्वनीचं दुसरं, तिसरं किंवा चौथं. दुसऱ्याची हाक कितीही मोठी असली तरी तिच्यात पहिलं हार्मोनिक ऐकू येण्याइतकं नसतं, म्हणून मोजणी सुरूच होत नाही.

सर काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे खासगी खूण.” आता आमच्या कोडमध्ये त्या चॅनेलचं नाव तेच आहे: खूण.

२ फेब्रुवारी

आवाज तयार झाले. चौथं हार्मोनिक १२३ किलोहर्ट्झचं असल्याने सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची ते) ५०० किलोहर्ट्झवर ठेवलं. प्रतिध्वनी म्हणजे तीच हाक, क्षीण केलेली, पहिलं हार्मोनिक काढून टाकलेली आणि हव्या तेवढ्या उशिराने मिसळलेली. शंखिकेसाठी नेहमीचेच गॅमाटोन फिल्टर, कानासारखे आवाज स्वरांच्या उंचीनुसार वेगळे करणारे. ६१ किलोहर्ट्झच्या आसपास या प्राण्याचा कान विलक्षण तीक्ष्ण असतो, पण ते किड्याच्या पंखांची फडफड आणि वेग ओळखण्यासाठी. त्या वाटेला आम्ही जात नाही.

९ फेब्रुवारी

पहिली अडचण अपेक्षित होती तिथेच आली. आवाज मोठा झाला की साधी पेशी लवकर फायर होते, क्षीण झाला की उशिरा. मोठ्या तपकिरी वटवाघळावरच्या वर्तन-प्रयोगांत हा फरक दर डेसिबेलमागे साधारण १५ मायक्रोसेकंद इतका आढळला आहे. दहा डेसिबेलला १५० मायक्रोसेकंद, म्हणजे अडीच सेंटीमीटरची चूक, आणि तीही फक्त किडा थोडा मोठा किंवा लहान असल्यामुळे.

मेंदूने यावर एक उपाय फार खालच्या पायरीवर केलेला आहे. मेंदूच्या देठात लॅटरल लेम्निस्कसच्या खालच्या केंद्रकाचा एक भाग आहे. १९९१ मध्ये कोवी आणि कॅसेडे यांनी मोठ्या तपकिरी वटवाघळात दाखवलं की तिथल्या पेशी आवाज सुरू झाला की एकच स्पाइक देतात, आणि आवाज लहान असो वा मोठा, तिची वेळ जवळजवळ हलत नाही. एक स्पाइक, एक खूण, विषय संपला. या पेशी जात बदलून आमच्या प्रतिकृतीत आणल्या आहेत, त्याची नोंद कोडमध्ये ठळक केली आहे.

१६ फेब्रुवारी

आज प्रकल्पाच्या गाभ्याशी आलो.

हाकेची खूण आधी येते, प्रतिध्वनी नंतर. दोघांना एका पेशीपाशी एकाच क्षणी भेटवायचं, तर आधी आलेल्याला थांबवून ठेवायला हवं. पाच मिलिसेकंद थांबवलं तर पाच मिलिसेकंदांनी येणारा प्रतिध्वनी त्या पेशीला फायर करेल, बारा मिलिसेकंद थांबवलं तर बाराचा. सिंगल लाइनवर एक्सप्रेस येईपर्यंत पॅसेंजर लूपलाइनला उभी करून ठेवतात, तसं. एक्सप्रेस किती लांबून येते आहे त्याप्रमाणे किती वेळ उभं राहायचं ते बदलतं. मेंदूत असे थांबे ओळीने लावलेले आहेत आणि प्रत्येकाची थांबण्याची वेळ वेगळी.

पण थांबवायचं कसं? सर्वांत सोपं उत्तर: तार लांब करायची. चेतातंतूत संदेश सेकंदाला पाच मीटर धावतो असं धरलं, तर १८ मिलिसेकंदांसाठी ९ सेंटीमीटर लांबीची तार लागेल. या वटवाघळाचा मेंदू एवढा मोठा नाही. अगदी कमी उशिरांसाठी तारेची लांबी पुरते. जास्त उशिरांसाठी मेंदूने दुसराच मार्ग धरला आहे: पेशीला बोलू न देणं, दाबून धरणं. इनहिबिशन. खूण आली की ती आधी पेशीला दाबते, दाब ओसरायला काही मिलिसेकंद लागतात, तो ओसरला की पेशी उसळी घेते आणि त्या उसळीत फायर होते. आवाज होऊन गेल्यावर कितीतरी वेळाने निघालेली ती स्पाइक म्हणजेच थांबवून ठेवलेली हाक.

हा नुसता तर्क नाही. १९९५ मध्ये साइतोह आणि सुगा यांनी टेरोनोटसच्या इन्फिरिअर कॉलिक्युलसमध्ये, म्हणजे मध्यमेंदूतल्या श्रवणकेंद्रात, इनहिबिशन रोखणारी औषधं सूक्ष्म प्रमाणात सोडली. ज्या पेशींच्या उशिरांची लांबी जास्त होती त्यांचे उशीर आखूड झाले. थांबा काढला, गाडी लगेच सुटली.

मी सरांना फोनवर हे सांगताना उभा राहून बोलत होतो असं घरचे म्हणतात. पण खरंच, विचार करा: वेळ मोजण्याचं साधन म्हणून मेंदूने वेग वापरलेला नाही. शांतता वापरली आहे. पेशी किती वेळ गप्प बसवली गेली, यातच अंतर लिहिलेलं आहे.

१७ फेब्रुवारी

लीकी इंटिग्रेट-अँड-फायर हे चेतापेशीचं साधं गणिती मॉडेल उसळी घेत नाही. दाब काढला की ते नुसतं मूळ पातळीवर परततं. म्हणून थांब्यांच्या पेशींसाठी इझिकेविच यांचं २००३ चं मॉडेल घेतलं. त्यात दोनच समीकरणं आहेत आणि योग्य मापं दिली की उसळी आपोआप मिळते. भेटीच्या पेशी साध्याच ठेवल्या: एक इनपुट आला तर फायर होण्याच्या उंबरठ्याखाली, दोन एकदम आले तर वर.

२३ फेब्रुवारी

चाललं. थांब्यांची ओळ ०.४ ते १८ मिलिसेकंदांपर्यंत लावली, दीड मीटरवरचा प्रतिध्वनी दिला, आणि ओळीच्या अर्ध्याच्या जरा अलीकडे एक पेशी फायर झाली. तिच्या दोन्ही बाजूंच्या थोड्या कमी, बाकी सगळ्या गप्प. किडा जवळ आणला तसा तो उजेडाचा ठिपका ओळीवरून पुढे सरकत गेला. कोडमध्ये वजाबाकी कुठेही नाही. सर संध्याकाळी बघायला आले आणि त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावली: किडा लांब ने, जवळ आण, परत लांब ने.

नुसती हाक दिली की सगळी ओळ अंधारात. नुसता प्रतिध्वनी दिला तरी तेच. १९७८ च्या पेशींचं वागणं आमच्या पडद्यावर.

१ मार्च

आजचा निकाल मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो.

खऱ्या पेशींमध्ये एक गोष्ट दिसते: कमी उशिराच्या पेशी काटेकोर असतात, जास्त उशिराच्या पेशी सैल. जवळच्या किड्याचं अंतर बारीक कळतं, लांबच्याचं ढोबळ. आमच्या मॉडेलमध्ये भेटीच्या पेशी सगळ्या एकसारख्या आहेत, मी त्यांना कुठेही सैल केलेलं नाही. तरीही नॉइज, म्हणजे पेशींतली अनियमित थरथर, मिसळल्यावर लांब उशिरांच्या प्रतिसाद-वक्रांची रुंदी आपोआप वाढली.

कारण शोधलं. दाब ओसरतो तो आधी झपाट्याने, मग हळूहळू. लहान थांब्याची पेशी उंबरठा ओलांडते तेव्हा चढ तीव्र असतो, किरकोळ नॉइजने वेळ फारशी हलत नाही. लांब थांब्याची पेशी त्याच उंबरठ्याजवळून जवळजवळ आडवी जाते, आणि मग तेवढाच नॉइज तिला कितीतरी मागे-पुढे ढकलतो. म्हणजे लांब अंतराचा ढोबळपणा वेगळा ठरवून द्यावा लागत नाही, तो थांबवून ठेवण्याच्या पद्धतीतूनच येतो. खऱ्या मेंदूत हेच कारण आहे असा दावा मी करणार नाही, पण या यंत्रणेत ते येणारच. वटवाघळाचं त्यामुळे काही बिघडतही नाही. तीन मीटरवरचा किडा नेमका कुठे आहे यापेक्षा तो आहे हे कळणं पुरतं. वीस सेंटीमीटरवर मात्र नेमकेपणा लागतो.

८ मार्च

सरांनी सुचवलेली शाखा: ज्या जातींत हाकेची खासगी खूण नाही त्यांचं काय? आपल्याकडची पिपिस्ट्रेल नावाची छोटी वटवाघळं आणि अमेरिकेतलं मोठं तपकिरी वटवाघूळ बहुतेक वेळा खाली घसरणारीच हाक मारतात.

सलिव्हन यांनी १९८२ मध्ये छोट्या तपकिरी वटवाघळाच्या कॉर्टेक्समध्ये दाखवलेली गोष्ट इथे कामी येते. काही पेशी नेहमीच्या नियमाच्या उलट वागतात: आवाज मोठा असला तर उशिरा प्रतिसाद, क्षीण असला तर लवकर. विचित्र वाटतं, पण स्वतःची हाक कानाशी नेहमीच मोठी असते आणि प्रतिध्वनी क्षीण. मोठ्या आवाजाला जास्त थांबवलं आणि क्षीणाला कमी, की दोघं एका क्षणी येऊन भेटतात. स्वरांच्या उंचीऐवजी आवाजाच्या मोठेपणाने ओळख पटवली. भेटवण्याचं तत्त्व तेच.

१५ मार्च

शनिवार. संध्याकाळी अल्ट्रासॉनिक माइक घेऊन कालव्याकाठी गेलो. दिव्याभोवती पिपिस्ट्रेलांची चांगली ये-जा होती. स्पेक्ट्रोग्रॅमवर शिकारीची पूर्ण गोष्ट दिसते: आधी दूर-दूर हाका, किडा सापडला की हाका जवळ-जवळ आणि आखूड, आणि शेवटी एकमेकींना चिकटल्यासारख्या, ज्याला शेवटची गुणगुण म्हणतात. हाकांमधलं अंतर १०० मिलिसेकंद असेल तर १७ मीटरपर्यंतचा प्रतिध्वनी पुढची हाक देण्याआधी परत येतो. शेवटच्या गुणगुणीत अनेक जाती सेकंदाला १५० ते २०० हाकांपर्यंत जातात. तेव्हा मध्ये राहतात पाच-सहा मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम मीटरभराचं जग. २०११ मध्ये एलेमान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या वेगामागे घशाचे अतिवेगवान स्नायू आहेत.

सरांनी हेडफोनवर मंद केलेली रेकॉर्डिंग ऐकली. शेवटच्या गुणगुणीला त्यांनी हात वर केला, पुन्हा लावायला सांगितली.

२२ मार्च

लांबीच्या पेशी. उशिराबरोबरच वटवाघळाच्या मध्यमेंदूत आवाज किती वेळ टिकला हे ओळखणाऱ्याही पेशी असतात. कॅसेडे, एर्लिक आणि कोवी यांनी १९९४ मध्ये मोठ्या तपकिरी वटवाघळात दाखवलं की यामागेही इनहिबिशनच आहे. औषधाने ते रोखलं की पेशी कुठल्याही लांबीच्या आवाजाला बोलू लागते, निवड संपते.

यंत्रणा अशी मांडली: आवाज सुरू होताच पेशी दाबली जाते आणि आवाज चालू असेपर्यंत दबलेली राहते. आवाज संपला की उसळी. दुसऱ्या बाजूने, आवाजाच्या सुरुवातीने सुटलेलं एक उत्तेजन ठरावीक उशिराने पोचतं. उसळी आणि ते उत्तेजन एकत्र आले तरच फायर. आवाज फार आखूड असेल तर उसळी लवकर येऊन जाते, फार लांब असेल तर उत्तेजन पोचतं तेव्हा पेशी अजून दबलेली असते.

हे उशिराच्या पेशींपेक्षा पटकन झालं. कोडचे भाग तेच, जोडणी वेगळी. एकाच साहित्यातून दोन वेगळी मापं निघतात याचा आनंद आहे.

२९ मार्च

पतंगांची चाचणी. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात बर्थोल्डिया ट्रायगोना नावाचा टायगर मॉथ गटातला एक पतंग आहे. वटवाघूळ जवळ आलं की तो सेकंदाला हजारो अल्ट्रासॉनिक टिकटिक सोडतो. कॉर्कोरन, बार्बर आणि कॉनर यांनी २००९ मध्ये दाखवलं की त्याने वटवाघळाची सोनार खरोखरच बिघडते, नुसतं दचकवणं किंवा बेचव असल्याचा इशारा नव्हे. त्याआधी १९९१ मध्ये मिलर यांनी मोठ्या तपकिरी वटवाघळावर दाखवलं होतं की टिकटिक प्रतिध्वनीच्या आधीच्या दीड मिलिसेकंदाच्या आत पडली तर अंतराचा अंदाज सर्वांत जास्त ढासळतो.

आमच्या मॉडेलमध्ये एकेक टिकटिक टाकत गेलो. प्रतिध्वनीच्या बऱ्याच आधी पडली की ओळीवर दुसरीकडे एक खोटा ठिपका उमटतो, पण खरा ठिपका जागेवर राहतो. प्रतिध्वनीच्या अगदी आधी पडली की सुरुवात टिपणारी पेशी टिकटिकीवर फायर होऊन जाते आणि खरा प्रतिध्वनी येतो तेव्हा ती अजून सावरलेली नसते. खरा ठिपका नाहीसा होतो. लॅटरल लेम्निस्कसच्या पेशींवर टिकटिकीचा नेमका असाच त्रास होतो असं टूगार्ड, कॅसेडे आणि कोवी यांनी १९९८ मध्ये नोंदवलं आहे. पतंगाने शत्रूच्या मेंदूतला सर्वांत काटेकोर दुवाच गाठला आहे.

आमच्या मॉडेलमध्ये धोक्याची खिडकी किती मोठी, ते पेशीला सावरायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं. तो वेळ दीड मिलिसेकंद धरला की मिलर यांच्या निकालाशी जुळतं. तो आकडा मी प्रयोग बघूनच बसवला आहे, त्यामुळे हे जुळणं पुरावा म्हणून वापरायचं नाही.

५ एप्रिल

नॅनोसेकंदांचा वाद. जेम्स सिमन्स यांच्या गटाने १९९० मध्ये लिहिलं की मोठं तपकिरी वटवाघूळ प्रतिध्वनीच्या उशिरातला सुमारे १० नॅनोसेकंदांचा बदल ओळखतं. अंतरात हे दोन मायक्रोमीटरहूनही कमी होतं. तेव्हापासून त्यावर वाद आहे. प्रयोगाच्या साधनांत दुसरी एखादी खूण शिल्लक राहिली होती का, असा आक्षेप घेतला गेला.

आमच्या बाजूने एवढंच तपासता येतं: अनेक पेशींची सरासरी काढून तिथवर जाता येईल का? आमच्या एका पेशीची वेळ साधारण १०० मायक्रोसेकंदांनी मागे-पुढे होते. पेशी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर नेमकेपणा संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. एक मायक्रोसेकंद गाठायला दहा हजार पेशी लागतील, तेही शक्य वाटतं. दहा नॅनोसेकंदांसाठी दहा कोटी लागतील. एवढ्याशा मेंदूच्या श्रवणमार्गात एकाच उशिरासाठी दहा कोटी पेशी निघणार नाहीत. माझं मत: तो आकडा खरा असेल तर तो स्पाइकच्या वेळांच्या सरासरीतून येत नाही, प्रतिध्वनीच्या स्वरांत पडणाऱ्या फरकासारखी दुसरी वाट असली पाहिजे. सर म्हणाले, “तुझी पेशी शंभर मायक्रोसेकंदांनी हलते, त्याची तशी कशावरून?” हा प्रश्न योग्य आहे. स्थिर वेळेच्या पेशी आणखी काटेकोर धरून पुन्हा चालवलं. एका पेशीची हालचाल दहा मायक्रोसेकंदांवर आणली तरी दहा लाख पेशी लागतात. मत बदललं नाही.

१२ एप्रिल

नकाशाचा भाग बंद करून बघितला. १९९१ मध्ये रिकिमारू, गायोनी आणि सुगा यांनी टेरोनोटसच्या कॉर्टेक्समधला हा उशिराचा पट्टा मसिमॉल नावाच्या औषधाने तात्पुरता झोपवला. वटवाघळांना उशिरातले बारीक फरक ओळखता येईनात, मोठे फरक मात्र येत राहिले. स्वरांची उंची ओळखण्यावर परिणाम झाला नाही. तसंच उलट: उंचीचा पट्टा झोपवला तर बारीक उंची गेली, वेळ राहिली. ‘मेंदूत नकाशा दिसतो’ आणि ‘प्राणी तो नकाशा वापरतो’ यांमध्ये मोठी दरी असते, ती या प्रयोगाने ओलांडली.

आमच्या मॉडेलमध्ये मात्र पट्टा झोपवला की बारीकही जातं आणि मोठंही जातं, कारण आमच्याकडे अंतर ठेवणारी दुसरी जागाच नाही. खऱ्या कॉर्टेक्समध्ये आहे. मुख्य पट्ट्याशिवाय डॉर्सल फ्रिंज नावाच्या भागात जवळच्या अंतरांपुरता दुसरा नकाशा आहे, आणि उशिराच्या पेशी कॉर्टेक्सच्या कितीतरी आधी, मध्यमेंदूतही सापडतात.

१९ एप्रिल

सरांबरोबर पुढचा टप्पा ठरवला. मध्यमेंदूत भेटीच्या पेशींचा एक सैल, विस्कळीत संच घालायचा, त्याला क्रम नाही. त्याच्यावर कॉर्टेक्सचा नेटका नकाशा. मग फक्त वरचा नकाशा झोपवायचा आणि मोठे फरक खालच्या संचातून वाचता येतात का ते बघायचं. सरांचा आग्रह आहे की खालच्या पेशींची संख्या वरच्याइतकीच धरायची, म्हणजे फरक पडला तर तो क्रमामुळे की संख्येमुळे हा गोंधळ राहणार नाही. मान्य केलं. थांब्यांच्या पेशी दोन्ही संचांना एकच देणार, कारण थांबवून ठेवण्याचं काम मध्यमेंदूतच होतं.

कोडची आजची प्रत वेगळी काढून ठेवली आहे. खालच्या संचाची जोडणी उद्यापासून.